मान ताठ, जीभ टाळूला

"जीभ! जीभ टाळूला! अहो, टाळू म्हणजे वर! वर! खाली काय शोधताय?"

दाजी ओरडत होते. काचेच्या दाराआड भाटघरचे एक आजोबा मशीनचे दोन्ही दांडे गच्च धरून, दातांत प्लॅस्टिकची काडी चावून, डोळे मिटून उभे होते. धरणाच्या भिंतीवरून कोणी ढकलून देणार आहे, असा त्यांचा चेहरा. आत जीभ टाळूला लावायची एकट्या आजोबांना होती, पण दाजींच्या आवाजात अशी जरब होती की बाहेर बाकावर बसलेले सगळे आपापली जीभ टाळूला लावून बसत. समोरचा वडापाववाला झारा हवेत धरून थांबे. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली एसटी सुटायची राहून जाई, कारण कंडक्टरची जीभ टाळूला चिकटलेली आणि डबल बेल द्यायची शुद्ध कोणाला? मशीनचा हात आजोबांच्या डोक्याभोवती एक चक्कर पुरी करेपर्यंत अख्ख्या भोरच्या बाजारात भाव विचारणारा एक माणूस सापडला असता तर शपथ.

"मान ताठ! खांदे खाली! गिळू नका! गिळलंत! घ्या, गिळलंत! परत!"

आजोबांनी काडी तोंडातून काढली आणि शांतपणे म्हणाले, "डाक्टर, उभा जलम वाकून भात लावला. आता ताठ मान कुठनं आनू?"

बाक हसला. दाजी हसले नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसतच नसे. "मान वाकली की मणक्याची सावली बरोबर पुढच्या दातांवर पडते. पांढरा खांब उभा राहतो मधोमध! मला तुमचे दात बघायचेत आजोबा, मणका नाही!" मग आत जाऊन त्यांनी आजोबांचा एक पाय पुढं ओढला, मग दुसरा, आणि दांड्यांना मागं लोंबकळल्यासारखं उभं केलं. आजोबा म्हणाले, "पडलो तर?" दाजी म्हणाले, "पडा, पण मान ताठ ठेवून पडा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोरमध्ये दातांचे डॉक्टर. आता ते पुण्याला लेकीकडं असतात आणि दवाखान्याच्या जागेत मोबाईलचं दुकान आहे, पण ज्या दिवसांबद्दल सांगतोय तेव्हा भोर-वेल्हे भागात संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचं मशीन एकट्या त्यांच्याकडं होतं. माणूस उभा राहतो, मशीनचा हात डोक्याभोवती फिरतो आणि या कानापासून त्या कानापर्यंत सगळे दात एका ओळीत पडद्यावर येतात. दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि त्यांच्या भिंतीला लागून माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. भोरची वीज आली तर आली. ती गेली की दाजींची हाक भिंत फोडून माझ्याकडं यायची. त्यामुळं दवाखान्यातलं जवळजवळ सगळं मला ऐकू आलं आहे, आणि जे ऐकू आलं नाही ते मी बघितलं आहे.

बाकीचे डॉक्टर रोगाचा विचार करतात. दाजी चित्राचा विचार करायचे. "चित्र चांगलं नसेल तर डॉक्टर आंधळा," हे त्यांचं पालुपद. जेवताना आमटी वाढेपर्यंत तेच. हनुवटी वर गेली की दातांची ओळ रडक्या तोंडासारखी दिसते, खाली गेली की खोटं हसल्यासारखी. जीभ टाळूला नसली की वरच्या दातांच्या मुळांवर हवेचा काळा पट्टा येतो आणि मुळं गायब. माणूस हलला तर जबड्याच्या रेघेला तिथंच जिन्यासारख्या पायऱ्या फुटतात. दातात धरायच्या छोट्या एक्स-रेचीही तीच कथा. नळी तिरपी धरली की सुपारीएवढ्या दाताची सावली संध्याकाळच्या विजेच्या खांबासारखी लांबते. हे सगळं ते पोळीचा तुकडा, वाटी आणि मोबाईलची बॅटरी घेऊन भिंतीवर करून दाखवायचे. माझी भाची लहान असताना मुलं भिंतीवर हरणाची सावली करतात तशी दाढेची सावली करायची.

घरचं ठीक होतं. दाजी घराबाहेर पडले की मात्र मी तोंड लपवायला जागा शोधायचो.

माणसाला भेटल्यावर नमस्कार करायची जगाची पद्धत. दाजी आधी गाल बघायचे. जाड जबड्याला किरण जास्त लागतात, बारक्याला कमी, हा त्यांचा हिशेब डोळ्यात कायम चालू. आमच्या तालुक्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याला, भर सत्काराच्या कार्यक्रमात, हार घालता घालता म्हणाले, "तुमचा जबडा भलताच जाड आहे, नेहमीच्या सेटिंगवर तुम्ही पांढरेफटक याल." पुढारी हसले, पण त्यानंतर आमच्या गल्लीतला रस्ता जो उकरला गेला तो उकरलेलाच राहिला.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मुलीकडचे वेल्ह्याचे, अक्षता पडलेल्या, सगळे फोटोला उभे. फोटोग्राफर बिचारा "स्माइल" म्हणाला आणि मांडवात आवाज घुमला, "थांबा!" दाजी पुढं. सासऱ्यांच्या हनुवटीखाली बोट घालून ती वर केली, सासूबाईंची खाली केली, मामांचे खांदे दाबले. मग माझ्या बायकोकडं बघून, हार घातलेली नवी नवरी ती, जाहीर केलं, "हिची अक्कलदाढ आडवी असणार. हसताना डावीकडं ओढतेय." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं समोरचा तोरणा गड मधोमध फाटावा, मला पोटात घ्यावं आणि वरून माची ठेवून द्यावी. दाढ आडवी निघाली, ही गोष्ट वेगळी. सासुरवाडीला मी अजून "त्या डॉक्टरचा मेव्हणा" आहे. जावई नाही.

ताईच्या दिवाणखान्यात लोक लग्नाचा फोटो लावतात तिथं ताईच्या जबड्याचा एक्स-रे फ्रेम करून लावलेला होता, मागं दिवा. लग्नाचा फोटो होता, पण त्यात ताईची मान हलली होती म्हणून दाजींनी तो बाद केला होता. पाहुणा आला की चहाच्या आधी विचारायचा, "हे कोण?" आणि ताई पदर सावरून म्हणायची, "मी."

चित्राचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे धातू. दाजींच्या दवाखान्यात दारातच स्टीलचं ताट असायचं, ताई ते घेऊन बसायची. कुड्या, चमकी, नथ, केसातले आकडे, चष्मा, सगळं ताटात. कारण एका कानात कुडी राहिली, तर तिची स्वच्छ सावली जिथं पडायची तिथं पडतेच, शिवाय पलीकडच्या बाजूला, थोडी वर, मोठी आणि धुरकट अशी दुसरी खोटी सावली पडते. उजव्या कानातली वस्तू, डाव्या जबड्यात धूर. "याला आमच्यात घोस्ट म्हणतात. घोस्ट म्हणजे भूत!" दाजी ओरडून समजवायचे, आणि बाकावरची एखादी म्हातारी हळूच उठून चप्पल घालायची.

त्या ताटापायी त्यांनी किती माणसं बाहेर काढली याला गणती नाही. ब्लाउजची टाचणी राहिली म्हणून एका शिक्षिकेला परत बाकावर बसवलं. सारोळ्याचे एक चाचा यायचे, हायवेला पंक्चरचं दुकान, गळ्यात चांदीचा ताईत. ते काही दबणारे नव्हते. म्हणाले, "डाक्टरसाब, आईनं बांधलेला हाय. न्हाई काढनार."

"मग चित्र नाही!"

"मग न्हाई तर न्हाई."

चाचा जिना उतरले, अर्ध्यात थांबले, आणि ताईत गळ्यातून काढून दंडाला बांधून परत वर आले. "आता? दंडात तर दात न्हाईत ना?" दाजी दंडाकडं बघून म्हणाले, "चालेल." चाचा गेल्यावर मला म्हणाले, "हुशार माणूस." पण दुसऱ्या कोणाला ते स्वतःहून असं सुचवतील तर ते दाजी कसले. त्यांच्या नियमाला दार होतं, पण ते आतून उघडत नव्हतं.

शालनबाई आल्या त्या दिवशी मी दवाखान्यातच होतो, इन्व्हर्टरचं पाणी बघायला. वेल्ह्याच्या पुढं तोरण्याच्या पायथ्याचं गाव त्यांचं. पोरगा दत्ता दुधाचा टेम्पो चालवायचा, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यानंच आणलं होतं. डावा गाल सुजून टमटमीत, पदर तोंडाशी. दत्ता दारातच मला म्हणाला, "जरा लौकर करायला सांगा की भाऊ. आबा पुन्याला दवाखान्यात हायेत, छातीचं आप्रिशन हाय. आईला सोडून मला परत जायाचंय."

दाजींनी एकच प्रश्न विचारला, "सगळं काढलंत?"

शालनबाईंनी मान हलवली. ताटात कुड्या होत्या, चमकी होती, केसातले आकडे होते.

"गळ्यातलं?"

"काढलं."

दाजींनी गळा बघितला. मोकळा होता. नुसती पोतीची वर्षानुवर्षांची काळपट रेघ. "शाब्बास!" ते असे गरजले की पलीकडं माझ्या दुकानातला मीटर हलला. "याला म्हणतात पेशंट! शिका!" हे बाकाला. शालनबाई खाली बघत मशीनला उभ्या राहिल्या, आणि मी आजवर तिथं उभं राहिलेल्यांत इतकं न हलणारं माणूस बघितलं नाही. श्वासही घेतला नसावा.

चित्र आलं. दाजी पडद्यासमोर बसले आणि गप्प झाले. मला वाटलं वीज गेली. मग त्यांनी मला बोट दाखवलं. खालची ओळ काचेसारखी स्वच्छ होती, दाढन् दाढ मोजून घ्यावी अशी. पण डावीकडं वर, दाढांच्याही वर, धुक्यासारखा एक पांढरा पुंजका.

"हे मला आवडलं नाही," दाजी म्हणाले.

मला मेल्याला तेवढं शिकवलेलं होतं, मी म्हणालो, "घोस्ट असेल?"

दाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी बॅटरीचं पाणी परत बॅटरीत ओतावं. "घोस्ट धातूचं असतं. माझ्या मशीनसमोर धातूचा कण जाऊ शकत नाही. मी स्वतः बघितलंय." तिथंच ते फसले. दुसरा एखादा ढिसाळ डॉक्टर असता तर म्हणाला असता, राहिलं असेल काहीतरी, काढा पुन्हा. दाजींचा स्वतःच्या कडकपणावर एवढा विश्वास की जी शंका पहिली यायला हवी तीच त्यांनी दारातून हाकलून दिली.

आता अशी गोष्ट नातेवाईकाला बाजूला घेऊन, हळू, सांभाळून सांगायची असते. दाजींना आवाज एकच होता, बाजारातला. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दत्ता, आत गाठ दिसतेय. साधी असेल, नसेलही. दाढेला मी हात लावणार नाही. पुण्याला न्या, ताबडतोब!"

बाकावर एकही जीभ हलली नाही. वडापाववाल्यानं झारा खाली ठेवला. शालनबाई पदर डोक्यावर ओढून जिना उतरल्या, ताटातल्या वस्तू ताईनं धावत जाऊन त्यांच्या हातात दिल्या. मला आठवतंय, मी पाना हातात घेऊन भिंतीकडं बघत होतो. दाजींच्या आवाजाची आम्हाला सवय होती, विनोद झाला होता त्याचा. त्या दिवशी मात्र तो आवाज माझ्या नात्यातल्या माणसाचा आहे, हे कोणाला कळू नये असं वाटलं.

ही बातमी पुण्याला शालनबाईंच्या आधी पोचली. आबांच्या, म्हणजे शालनबाईंच्या यजमानांच्या, कानावर गेली. उद्या ऑपरेशन आणि आज त्यांनी हाताला लावलेली सुई स्वतः उपटली. "आधी हिचं बघा, मग माझं," म्हणाले, आणि डॉक्टर, नर्स, पोरगा, कोणाचंही न ऐकता घरी निघाले. पाबे घाटात त्यांना दम लागला. दत्तानं टेम्पो कडेला घेतला, अंगातला शर्ट काढून त्यांना वारा घातला, रिकामे कॅन उतरवून त्यांना मागं आडवं केलं. हे मला दत्तानंच फोनवर सांगितलं. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "आई-आबा दोघं एकमेकाला म्हनत्यात तू आदी जा," एवढं म्हणाला आणि फोन ठेवला.

मी जसंच्या तसं दाजींना सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती अवघड गेलं असेल.

दाजींनी ते चित्र पुन्हा काढून समोर ठेवलं. पेशंट बसून राहिले. बराच वेळ त्यांनी बघितलं, मग खुर्ची फिरवून ताईला विचारलं, "त्या बाईंचं ताटात काय काय होतं?"

"कुड्या, चमकी, आकडे."

"आणि गळ्यातलं?"

"गळ्यातलं ताटात नव्हतं."

"नव्हतं म्हणजे?"

"नव्हतं म्हणजे नव्हतं. तुम्ही शाब्बास म्हणालात, मला वाटलं पिशवीत ठेवलं असेल."

दाजी त्या पांढऱ्या पुंजक्याजवळ गेले, नाक लागेल इतके जवळ. मलाही आता दिसलं. धूर होता, पण धुरात दोन गोल होते, शेजारी शेजारी. मंगळसूत्राच्या दोन वाट्या.

"गाडी काढ," दाजी मला म्हणाले. "वेल्ह्याला जायचंय."

नसरापूरवरून वेल्ह्याला जाताना दाजी म्हणजे एरवी शिक्षा. फाट्यावर उभ्या माणसांचे जबडे बघत, सेटिंग सांगत. त्या दिवशी वेल्ह्याची एसटी समोरून गेली, बाजार गेला, तहसील कचेरी गेली, माणूस मांडीवर हात ठेवून बसलेला. गावाच्या अलीकडं एकदाच बोलले. "खरी सावली चित्रात कुठंच नाही, नुसतं भूत; म्हणजे वस्तू मानेमागं होती. मी गळा बघितला. मान बघितली नाही. आयुष्यभर मान मान ओरडलो, आणि मान बघितली नाही."

मी गिअर बदलला.

अंगणात माणसं बसलेली. आजारपणाला येतात तशी, पाय दुमडून, कमी बोलत. आबा बाजेवर. शालनबाई उंबऱ्याशी, गाल अजून तसाच सुजलेला. डॉक्टर दारात आलेला बघून सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले; त्यांना वाटलं, फोनवर सांगण्यापलीकडचं काहीतरी सांगायला आला. कोणीतरी खुर्ची दिली. दाजी बसले नाहीत. आणि मग त्यांनी हळू बोलायचा प्रयत्न केला. जन्मात न केलेली गोष्ट. आवाज एकदम फुटला, वयात येणाऱ्या पोराचा फुटतो तसा.

"बाई, त्या दिवशी गळ्यातलं कुठं होतं?"

शालनबाईंनी वर बघितलं नाही. त्यांचा हात आपोआप मानेवर गेला, अंबाड्याखाली.

"का गं?" आबा बाजेवरून म्हणाले.

"तुमी तिकडं मशिनीला लावल्यालं," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या. "डाक्टर म्हनलं काडा. म्या कशी काडू? उजव्या अंगाला केसात खोवलं."

एक बाई हुंदका देऊन आत गेली. आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दाजी म्हणाले, "अहो, मग मला सांगायचं होतं ना!"

उत्तर दत्तानं दिलं. "कुनाला सांगायचं, डाक्टर? टाचनीसाठी मास्तरनीला भायेर काडलं तुमी. आमी तर वेल्ह्याचं."

अंगणातल्या सगळ्यांनी दाजींकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. मी कोण ते तिथं सगळ्यांना माहीत होतं, सासुरवाड त्याच खोऱ्यातली. मी गाडीची किल्ली बोटावर फिरवत होतो, ती थांबवली.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण शालनबाई उठल्या, पुढं आल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माजं डाक्टर, खोटं बोलले." आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेल्या. गाल सुजलेला, डोळे लाल, आणि त्या माफी मागत होत्या. दाजी असे मागं सरले की पायरीवरची दुधाची किटली लवंडली आणि गडगडत अंगणभर गेली. "नको! नको!" ते ओरडले, पुन्हा त्याच बाजारातल्या आवाजात, आणि स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. दूध मातीत जिरत होतं. किटली उचलायलाही कोणी उठलं नाही.

मी दाजींच्या पायी पुष्कळदा शरमलो आहे, पण ती सगळी शरम मांडवातली, सत्कारातली. चहाबरोबर लोकांना सांगता येण्याजोगी. ही तशी नव्हती. दाजी मातीतच बसले, किटली उचलून पायरीशी नीट उभी करून ठेवली, आणि बसूनच सगळं सांगितलं. गाठ नाही, असेल असं वाटत नाही, ती तुमच्या मंगळसूत्राची सावली आहे, खोटी सावली, आणि ती ओळखायला मी शिकलेला आहे आणि मला ती ओळखता आली नाही. "पण आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. दुसरं चित्र काढू, मग बघा."

घरी परतल्यावर त्यांनी पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. ओळख नाही, देख नाही. "तुमचा पेशंट पळाला तो माझ्यामुळं," असं सुरुवातीलाच म्हणाले. समोरचे डॉक्टर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण दाजी उभे राहून ऐकत होते आणि मधून मधून नुसतं "हो" म्हणत होते. शेवटी आबांना पुन्हा जागा द्यायचं त्या डॉक्टरांनी कबूल केलं. हेही सांगून टाकतो की पुढं ते ऑपरेशन झालं आणि नीट झालं. आबा आता टेम्पोत पुढच्या सीटवर बसून भोरला येतात आणि माझ्या दुकानात चहाला थांबतात. त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

दुसऱ्या चित्राच्या दिवशी तिघंही आले. आबांना जिना चढू नका म्हटलं तर ऐकेनात; मी आणि दत्तानं खुर्चीसकट वर नेलं. ताटात ताईनं काही घेतलं नाही, आधी दाजींकडं बघितलं. दाजींनी शालनबाईंना विचारलं, "गळ्यातलं काढून ठेवायला नको. मनगटाला बांधलं तर चालेल तुम्हाला?" त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, आबांनी मान हलवली. ताईनं कुड्या, चमकी, आकडे ताटात घेतले आणि ती काळी पोत त्यांच्या मनगटाला गुंडाळून बांधली.

मग दाजी काचेमागं गेले. "हनुवटी हितं टेका," ते म्हणाले. शब्दसुद्धा त्यांच्यातला घेतला. "जीभ टाळूला लावा... जमेल तशी. नाही जमलं तर परत काढू." इतकं हळू की बाकावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. वडापाववाला जिन्यात येऊन मला विचारून गेला, "डाक्टरांना बरं न्हाई का?" गल्लीत माणसं बोलत होती, एसटी डबल बेल देऊन निघून गेली, आणि आत मशीनचा हात शालनबाईंच्या डोक्याभोवती फिरला.

चित्र पडद्यावर आलं. पुंजका नव्हता. खाली डावीकडं एक अक्कलदाढ आडवी पडलेली, शेजारच्या दाढेला टेकलेली, मधे किडलेलं. बाकी काही नव्हतं. जुनं चित्र दाजींनी शेजारी लावलं, की बघा हे गेलं. दत्तानं दोन्ही चित्रं बघितली आणि खालीच बसला, गुडघ्यात डोकं घालून. आबांनी खुर्चीतूनच हात पुढं करून पडद्यावर ती स्वच्छ जागा बोटानं चाचपली, गाईच्या पाठीवरची गोचीड गेली का बघतात तसं.

दाजी बाहेर आले. बाकावर भाटघरचे होते, भोरचे होते, दाराशी माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक होतं. त्या सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले आणि बोलायला लागले. की चित्र बिघडतं ते मान वाकल्यानं, जीभ खाली राहिल्यानं, हलल्यानं, धातूनं असं मी आजवर सांगत आलो. पण तुमचं चित्र बिघडलं ते माझ्या धाकानं. की मी लोकांना इतकं भ्यायला लावलं की त्यांनी मला खरं सांगायचं सोडून दिलं, आणि भ्यालेल्या माणसाच्या चित्रावर मी निकाल दिला. की तुमच्या यजमानांच्या जिवावर बेतलं असतं. की तुम्ही माझ्या पाया पडायला आलात ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, ताई पडद्याकडं बघायला लागली, मी खिडकीबाहेर. संपता संपेना. कोणी मधे पडावं कळेना. शेवटी आवाज बसला आणि ते शालनबाईंकडं बघत तसेच हात जोडून उभे राहिले.

शालनबाईंनी मनगटाची पोत सोडून गळ्यात घातली, नीट पुढं घेतली, आणि सुजलेल्या गालाला हात लावून म्हणाल्या, "त्ये झालं, डाक्टर. दाढ आज काडताय, का परत यिऊ?"